विकतचं मॉडेल आणि ‘कूलरवाली’

पत्र थोडक्यात

दक्षिण नागपुरातल्या एका आईचं पत्र आहे. त्या पतसंस्थेत नोकरी करतात, यजमानांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. मुलगी यंदा नववीत. गेल्या वर्षी आठवीत असताना तिने शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात कूलरचं मॉडेल मांडलं होतं. तेलाच्या रिकाम्या डब्याला तीन बाजूंनी खिडक्या कापल्या, पाण्याने ओल्या राहणाऱ्या ताट्या बसवल्या, चौथ्या बाजूला जुन्या कॉम्प्युटरमधला छोटा पंखा लावला. कधी वाळ्याच्या ताट्या, कधी वुडवूलच्या (लाकडाच्या बारीक तंतूंच्या), कधी हनीकोंबच्या (मधाच्या पोळ्यासारख्या छिद्रांच्या) लावून कोणती किती पाणी पिते आणि किती गारवा देते, हे तिने मे महिन्यात घरी मोजून वहीत लिहिलं होतं. प्रदर्शन झालं डिसेंबरात. परीक्षकांनी पंख्यासमोर हात धरला, ‘फारसं गार नाही लागत गं’ म्हणाले आणि पुढच्या टेबलाकडे गेले. चार्टही गाडीवरून नेताना चुरगळला होता. पहिला नंबर आला ‘स्मार्ट नागपूर’ या मॉडेलचा: थर्माकोलच्या इमारती, लुकलुकणारे दिवे, गोल गोल फिरणारी मेट्रो. ते साडेचार हजार देऊन करून आणलेलं होतं, हे अख्ख्या वर्गाला ठाऊक होतं. त्यातच तिच्या हाऊसची, म्हणजे शाळेतल्या तिच्या गटाची, ट्रॉफी पाच गुणांनी हुकली. खापर फुटलं या मुलीवर, आणि हाऊसच्या ग्रुपवर तिचं नाव पडलं ‘कूलरवाली’.

यंदा विज्ञान मंडळाची नावं घेणं सुरू झालं तेव्हा मुलगी घरी म्हणाली, ‘विकतचं आणून देणार असाल तर नाव देते. नाहीतर राहू द्या.’ वडिलांनी मॉडेल करून देणाऱ्याला पाचशे रुपये ॲडव्हान्सही देऊन टाकला. आईला हे पटत नाही. त्या विचारतात: ‘माझ्या तत्त्वापायी मी पोरीला पुन्हा हरायला लावतेय का? सगळेच विकत आणतात, मग आपणच का मागे राहायचं? आणि पुढच्या वर्षी दहावी आहे, तर हे सगळं आताच बंद करावं का?’

उत्तर

प्रिय ताई,

तुमचं पत्र वाचलं आणि तुमच्या प्रश्नाकडे वळण्याआधी मी बराच वेळ त्या डब्याच्या कूलरपाशीच अडकले. तेव्हा आधी तेच बोलू. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या डब्यात आहे असं मला वाटतं.

कूलर हवा गार करतो तो पाण्याची वाफ करून. हवा कोरडी असेल तर वाफ भराभर होते, दमट असेल तर होत नाही. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी 44 अंश तापमान आणि 20 टक्के आर्द्रता असेल, तर ओल्या ताटीतून आलेली हवा जास्तीत जास्त 25 अंशांच्या आसपास उतरू शकते. म्हणजे 18-19 अंशांचा फरक. डिसेंबरातल्या दुपारी 27 अंश आणि 50 टक्के आर्द्रता धरा. आता हीच मर्यादा 20 अंशांच्या जवळ येते, फरक उरतो जेमतेम सात अंशांचा. हा झाला कागदावरचा फरक, उत्तम कूलरचा. तेलाच्या डब्याएवढा कूलर त्यातला काही भागच गाठणार. त्यात बंद हॉल, शेकडो मुलं, पालक, सगळ्यांच्या श्वासाने दमटलेली हवा. परीक्षकांच्या हाताला गार लागलं नाही यात नवल काय? त्या दिवशी तिचा कूलर विज्ञानाच्या नियमाप्रमाणे जेवढा चालायला हवा होता तेवढाच चालला.

हे तुमच्या मुलीला त्यानंतर कोणी सांगितलं का? परीक्षकांनी नाही, कळलं. विज्ञानाच्या सरांनी किंवा मॅडमनी? पत्रात तसं काही दिसत नाही. मला सगळ्यात जास्त हळहळ याची वाटली. नंबर गेला तो गेला. पण मे महिन्यात छान चाललेला कूलर डिसेंबरात का चालला नाही, हा त्या प्रदर्शनातला सगळ्यात चांगला प्रश्न होता. तो तिच्याच टेबलावर पडून होता आणि कोणी उचलला नाही. तिने घरी नेला तो फक्त ‘मी हरले’ एवढा अर्थ.

आता तुमच्या गृहीतकांकडे येते. रागावू नका.

पहिलं गृहीतक असं की, ते मॉडेल विकतचं होतं म्हणून जिंकलं आणि तुमच्या मुलीचं घरचं होतं म्हणून हरलं. अशा प्रदर्शनांत मी परीक्षक म्हणून बसलेली आहे, म्हणून टेबलाच्या या बाजूचं सांगते. दोन-तीन तासांत पन्नास-साठ मॉडेलं पाहायची असतात. एकेकाला दोन मिनिटं मिळाली तरी पुष्कळ. मुख्याध्यापक मागे उभे, तिकडे चहा-समोसे गार होतायत. अशा वेळी डोळा आपोआप दिव्यांकडे जातो. परीक्षक काही दुष्ट नसतात, दमलेले असतात. विकतचं मॉडेल हरतंच, असं सांगून मी तुमची समजूत घालणार नाही. पुष्कळदा ते जिंकतं. पण व्यवस्थित चार्ट, मोठी अक्षरं, एका वाक्यात सांगितलेला प्रश्न यांनीही जिंकता येतं, आणि त्यात लबाडी काहीच नाही. चुरगळलेला चार्ट हा प्रामाणिकपणाचा पुरावा नसतो, ताई. पुढच्या वेळी तो पीव्हीसी पाइपच्या तुकड्यात गुंडाळून न्या.

विकतच्या मॉडेलपाशी काय घडतं तेही सांगते. एका शाळेत असाच झगमगता देखावा होता. मी विचारलं, ‘ही गाडी कशावर चालते?’ मुलगा म्हणाला, ‘बॅटरीवर.’ ‘बॅटरी उलटी लावली तर?’ त्याने मान वळवून दारात उभ्या असलेल्या वडिलांकडे पाहिलं. वडिलांनी नजर खाली घातली. हुशार होता मुलगा, चुणचुणीत होता. फक्त त्या मॉडेलला हात लावायची त्याला परवानगी नव्हती, मोडेल म्हणून. (जाता जाता, सजावटीच्या थर्माकोलवर आपल्या राज्यात 2018 पासून बंदी आहे. पर्यावरणाचे देखावे मात्र दरवर्षी थर्माकोलमध्येच उभे राहतात, त्यावर कोणी बोलत नाही.)

दुसरं गृहीतक: मुलीला बक्षीस हवं आहे. मला नाही तसं वाटत. तिचं वाक्य पुन्हा वाचा. तिला ‘कूलरवाली’ व्हायचं नाही. ‘स्मार्ट नागपूर’ विकतचं आहे हे सगळ्यांना माहीत होतं, तरी त्या मुलाला कोणी चिडवलं नाही, कारण त्याने त्याच्या हाऊसला गुण मिळवून दिले. तिने स्वतः केलेलं मांडलं आणि तेव्हापासून टोमणे खातेय. तेरा-चौदा वर्षांच्या पोरीने यावरून जो हिशेब मांडला तो चुकलेला नाही. तिला ढाल हवी आहे, जिंकायची नव्हे, मागे लपायची. तेव्हा ‘विकतचं आणणं चूक आहे’ हे तिला कितीही समजावलंत तरी तिच्या मूळ दुखण्याला तुम्ही हातच लावलेला नसेल.

म्हणून विकत की घरचं, हा वाद आठवडाभर बाजूला ठेवा. आधी त्या ग्रुपचं पाहा.

हाऊस, मार्चपास्ट, घोषणा, परिपाठाच्या वेळी फळ्यावर लिहिलेले गुण, हे सगळं मला मनापासून आवडतं. एरवी एकमेकांकडे न पाहणारी सहावीची आणि नववीची पोरं खो-खोच्या मैदानाबाहेर एका सुरात ओरडतात, त्यात काहीतरी खरं असतं. पण रिले शर्यतीचे गुण आणि एका मुलीच्या कुतूहलाचे गुण एकाच फळ्यावर बेरजेला घेतले की गडबड होते. रिलेत चौघं धावतात, बॅटन पडली तर चौघांची पडते. प्रदर्शनाच्या टेबलामागे ती एकटी उभी होती. पाच गुणांनी ट्रॉफी गेली म्हणे. तेच पाच गुण कबड्डीत गेले असतील, समूहगीतात गेले असतील, कुठेही गेले असतील. ते तिच्याच नावावर मांडले गेले, कारण तिच्या बाजूने बोलायला तिथे दुसरं कोणी नव्हतं.

मुलीला विचारल्याशिवाय शाळेत जाऊ नका. तुम्ही परस्पर गेलात तर ‘कूलरवाली’च्या जोडीला ‘आईला घेऊन आली’ हे दुसरं नाव पडेल. तिला सरळ विचारा, ‘मी हाऊसच्या टीचरशी बोलू का? काय बोललेलं चालेल, काय चालणार नाही?’ तिने होकार दिला तर त्या टीचरना एकट्यानं भेटा. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा विषय काढू नका, तिथे एका रात्रीत त्याचा तमाशा होतो. भेटल्यावर ट्रॉफीचा, विकतच्या मॉडेलचा, कोणा मुलाचा विषय काढू नका. एवढंच म्हणा: ‘हाऊसच्या ग्रुपवर माझ्या मुलीला डिसेंबरापासून एका नावाने चिडवलं जातंय. ते थांबायला हवं. तुम्ही मुलांशी बोलाल का?’ नावं त्यांनी विचारली तरच सांगा. बहुतेक टीचरना असल्या ग्रुपची कल्पनाच नसते. आणि तिचा नकार असेल तर तूर्त थांबा, पण तो ग्रुप म्यूट करायला किंवा सोडायला तिला मोकळीक आहे हे स्पष्ट सांगा. मुलांना वाटतं, हाऊसचा ग्रुप सोडला तर शाळा ओरडेल. नाही ओरडत.

आता यजमानांबद्दल. पत्रात ते थोडे खलनायक झालेत. मला ते तसे दिसत नाहीत. पोरगी तेव्हापासून मान खाली घालून शाळेत जाते हे त्यांनीही पाहिलं आणि बापाला जे पटकन सुचलं ते त्यांनी केलं, खिशातून पाचशे काढून दिले. एक विचारू का? गेल्या वर्षी तो कूलर करताना त्यांनी हात लावला होता का? पत्रात तुम्ही दोनदा लिहिलंय, ‘तिने सगळं एकटीने केलं’. मला शंका येते की एकटीने करायचं हा नियम तुमचा होता. अहो, घरात रोज पंप आणि पंख्यांच्या मोटरी उघडून तांब्याची तार नव्याने गुंडाळणारा माणूस आहे. किती वेढे, कोणत्या जाडीची तार, वेढे चुकले तर मोटर का तापते, हे त्यांच्या बोटांत आहे. अशा घरातली मुलगी मोटरीवर चालणारं मॉडेल करते आणि बाप लांब उभा राहतो, हा कसला प्रामाणिकपणा? मदत घेणं आणि विकत आणणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्ही एका पारड्यात टाकल्या की मुलांपुढे दोनच वाटा उरतात, एकट्याने हरा नाहीतर पैसे देऊन जिंका.

मदत कुठे थांबवायची, याची माझी कसोटी अगदी साधी आहे. मॉडेल पूर्ण झालं की मुलीला ते तुमच्यासमोर उघडून पुन्हा जोडायला सांगा. तिला जमलं तर पत्रा वडिलांनी कापला असेल, झारणकाम (सोल्डरिंग) शेजारच्या दादाने केलं असेल, तरी मॉडेल तिचंच. जमलं नाही तर सगळं तिच्याच हातचं असूनही अजून तिचं झालेलं नाही. सुटे भाग बिनधास्त विकत आणा. पंखा, थर्मामीटर, ताट्या कोणी घरी बनवत नाही. बिलं वहीत चिकटवा. चार्टच्या खालच्या कोपऱ्यात एक ओळ लिहू द्या, ‘पत्रा कापायला बाबांनी मदत केली’. चांगल्या परीक्षकाला ही ओळ दिसली की त्याचा त्या टेबलावरचा विश्वास वाढतो. माझा तरी वाढायचा.

राहिले ते पाचशे रुपये. ते परत मागायला जाऊ नका. मॉडेल करून देणाऱ्या माणसाला म्हणा, ‘भाऊ, मॉडेल नको. त्या पैशात पोरीला दोन रविवार तुमच्यापाशी बसू द्या. सोल्डरिंग शिकवा, दिव्यांचं सर्किट कसं जोडता ते दाखवा.’ वडिलांनी सोबत जावं. ही माणसं बहुधा कसबी असतात, पुठ्ठ्याला आणि वायरीला त्यांचा हात बसलेला असतो. त्यांच्याकडे येणारा प्रत्येक जण तयार माल घेऊन जातो, कसं केलं हे कोणी विचारत नाही. तो नाही म्हणाला तर गेले पाचशे. हो म्हणाला तर साडेचार हजारांच्या मॉडेलपेक्षा जास्त काही घरी येईल.

आता मुलीला देण्याजोगा प्रस्ताव. हा तिच्यापुढे अट म्हणून ठेवू नका, ‘असं करून पाहायचं का’ म्हणून ठेवा. तोच डबा पुन्हा काढायचा. मॉडेल तेच, प्रश्न मात्र नवा: नागपुरात कूलर कोणत्या महिन्यात किती उपयोगाचा? मे महिन्याचे आकडे तिच्या वहीत आहेतच. सध्या पावसाळा आहे, हवेत आर्द्रता 80 टक्क्यांच्या घरात किंवा वर. आत्ता कूलर लावला तर चिकचिक होते. पाण्याचा पंप बंद करून नुसता पंखा चालवतो आपण, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण ते मोजलंय कोणी? दर रविवारी दुपारी एकाच वेळी, एकाच जागी ठेवून मोजायचं. ऑक्टोबरच्या उन्हात मोजायचं, दिवाळीनंतर मोजायचं. डिसेंबरात ती चार ऋतूंचे नसले तरी चार तऱ्हांच्या हवेचे आकडे घेऊन उभी राहील.

त्यासाठी दोन साधे थर्मामीटर लागतात. एकाच्या फुग्याला ओलं सुती फडकं गुंडाळायचं, दुसरा कोरडा ठेवायचा. ओल्यावर पुठ्ठ्याने वारा घातला की त्याचा पारा उतरतो आणि एका जागी थांबतो. कूलर हवा जास्तीत जास्त तिथपर्यंतच नेऊ शकतो, त्याखाली नाही. हा भाग तिला समजला की प्रदर्शनाच्या दिवशी परीक्षक यायच्या आधीच ती पाटीवर लिहू शकते: ‘आज या हॉलमध्ये माझा कूलर फक्त इतके अंश गारवा देऊ शकतो.’ मग कोणी हात धरून ‘गार लागत नाही’ म्हणालं तर तिने पाटीकडे बोट दाखवायचं. शाळेने परवानगी दिली तर ताटीच्या मागून हेअर ड्रायरची गरम हवा सोडून ती त्याच टेबलावर मे महिनाही उभा करू शकेल. हवा तापते, पण तिच्यातलं पाणी तेवढंच राहतं, म्हणजे ती आणखी कोरडी होते आणि तापमानातला फरक एकदम वाढलेला दिसतो. इथे मात्र माझी सक्त ताकीद: पंखा 12 व्होल्टच्या ॲडाप्टरवर चालवायचा, ड्रायर पाण्यापासून हातभर लांब, आणि तो मोठ्या माणसाच्या हातात. पाणी आणि घरची वीज एका टेबलावर आली की तिथे धाडस नको.

आकड्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवायचा नाही, हेही तिला याच निमित्ताने सांगता येईल. मे 2024 मध्ये नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने 56 अंश तापमान दाखवलं आणि देशभर बातमी झाली. मग हवामान खात्याने सांगितलं की सेन्सरच बिघडला होता. तेव्हा दोन्ही थर्मामीटर आधी शेजारी शेजारी ठेवून सारखं दाखवतात का ते पाहायचं. सोनेगावच्या वेधशाळेचे त्या दिवशीचे तापमान-आर्द्रतेचे आकडे पाहून आपल्या आकड्यांशी ताडायचे.

असं काम शाळेच्या एका हॉलपुरतं ठेवायचीही गरज नाही. राष्ट्रीय बाल विज्ञान परिषद 10 ते 17 वर्षांच्या मुलांसाठी असते. तिथे आपल्या परिसरातला प्रश्न घेऊन, नोंदवही ठेवून केलेला प्रकल्प मागतात, देखाव्याला तिथे फार मोल नसतं. केंद्र सरकारच्या इन्स्पायर-मानक योजनेत शाळा मुलांच्या कल्पना ऑनलाइन पाठवते. निवडलेल्या कल्पनेसाठी 10,000 रुपये मुलाच्या खात्यात येतात. नववीची मुलगी दोन्हीत बसते. या वर्षीच्या मुदती शाळेत आत्ताच विचारा, कारण नाव बहुधा शाळेमार्फत जातं आणि शाळा ऐनवेळी त्याच चार मुलांची नावं पाठवून मोकळ्या होतात. गांधीसागरजवळच्या रामन विज्ञान केंद्रात तिला एकदा निवांत घेऊन जा, शाळेच्या सहलीसारखं रांगेत नको. ज्यांच्या नावाने ते केंद्र आहे ते रामन 1910 मध्ये नागपुरात नोकरीला होते, तेही सरकारी हिशेब खात्यात. नोकरी हिशेबाची, जीव विज्ञानात. पतसंस्थेत आकडे सांभाळणाऱ्या आईला हे आवडेल असं वाटलं.

हे सगळं ऐकूनही ती ‘मला नाव द्यायचंच नाही’ म्हणाली तर? तर देऊ नका. प्रदर्शन सोडलं म्हणजे विज्ञान सोडलं असं होत नाही. रविवारची मोजणी घरी चालू राहिली तर उत्तम, नाही राहिली तरी काही बिघडत नाही. तिला गॅदरिंगच्या नाटकात पडद्यामागे दिवे सांभाळायचे असतील, ढोल वाजवायचा असेल, किंवा वर्षभर काहीच करायचं नसेल, तर तेही वर्ष वाया गेलेलं नसतं. फक्त एक गोष्ट स्पष्ट ठेवा. विकतचं मॉडेल आणून देणार नाही, हा निर्णय तुम्हा दोघांचा आहे आणि तो तिच्या माथी मारू नका. ‘तू ठरव’ म्हणायचं आणि तिने विकतचं निवडलं की तोंड पाडायचं, हे पोरांना फार लागतं. आधी नवरा-बायको एकमत करा, मग एका तोंडाने सांगा.

शाळेशी बोलायची वेळ प्रदर्शनाची सकाळ नव्हे. पालक-शिक्षक संघाची पुढची सभा असेल तेव्हा दोन-तीन पालकांनी मिळून मुद्दा मांडा. मागण्या छोट्या ठेवा. मुलाच्या नोंदवहीला निम्मे गुण असावेत. परीक्षकांनी प्रत्येकाला चार्टवर नसलेला एक तरी प्रश्न विचारावा. कोणाची काय मदत घेतली ती पाटी प्रत्येक टेबलावर असावी. विज्ञान प्रदर्शनाचे गुण हाऊसच्या बेरजेत धरायचेच असतील तर नंबराला न देता भाग घेण्याला द्यावेत. ‘विकतच्या मॉडेलवर बंदी घाला’ असं म्हणू नका. बंदी आली की लगेच पळवाट निघते, आणि सभेत ज्यांनी विकत आणलं ते पालक समोरच बसलेले असतात. शाळेने चारपैकी एक मागणी मान्य केली तरी खूप झालं.

दहावीचं म्हणाल तर काळजी रास्त आहे. अकरावीचा प्रवेश दहावीच्या गुणांवर होतो, ट्रॉफीवर नाही. त्यामुळे दहावीच्या वर्षी एकच कोणतीतरी गोष्ट ठेवा, आठवड्यातून दोन तासांची, आणि दिवाळीनंतर तीही तिच्या मर्जीवर सोडा. पण यंदा नववी आहे. नववी हे दहावीच्या आधीचं वेटिंग रूम करून टाकायची आपल्याकडे खोड आहे, ट्यूशनवाल्यांना ती सोयीची पडते. 2025 मध्ये आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने महिला बुद्धिबळ विश्वचषक जिंकला, तेव्हापासून नातेवाईक दोन टोकांवरून बोलतात: करायचं तर तिच्यासारखं करा, नाहीतर पुस्तकं धरा. या दोन टोकांच्या मध्ये रविवारी दुपारी अर्धा तास थर्मामीटर पाहणाऱ्या मुलीला भरपूर जागा आहे.

शेवटी, हे सदर वाचणाऱ्या आणि मॉडेलच्या भानगडीत नसलेल्या पालकांना एक सांगते. वक्तृत्व स्पर्धेतही हेच चालतं. भाषण आई लिहिते, हातवारे ट्यूशनच्या मॅडम बसवतात, आणि पोरगं ‘माझ्या बंधू-भगिनींनो’ म्हणत आपल्याला न कळलेली वाक्यं धडाधड म्हणतं. तिथेही कसोटी तीच, उघडून पुन्हा जोडायची. भाषण लिहून द्यायचंच असेल तर द्या. पण स्पर्धेच्या चार दिवस आधी कागद मुलापुढे ठेवा आणि न पटलेली दोन वाक्यं खोडून त्या जागी स्वतःची दोन लिहायला सांगा. तुमच्या वाक्यांपेक्षा ती कच्ची असतील. ती तशीच राहू द्या.